वास येतो का?

रुवैसच्या चार नंबर गेटजवळ
एसी गळणारी एक पोर्टाकेबिन. तिच्या छताला
पारदर्शक पिशवी टांगलेली, माणूस मावेल एवढी.
मास्क लावलेल्या एकेकाला आत उभं करायचं,
कागदी रुमालावर पाऊण मिली ओतायचं,
रुमाल वरच्या हुकाला.
मान डावीकडे. उजवीकडे. वर. खाली.
आता मोठ्यानं आकडे मोज.
वास येतो का?

आयसोअमाइल ॲसिटेट असं बाटलीवर आहे.
आम्ही म्हणतो केळं.
'तुस्कानो, आज केळं पुरेल ना?'
रोडेल विचारतो, आणि मी बाटली उजेडात धरतो.

अजमानला सहा वर्षं हेच शिजवलं मी.
दारूच्या भट्टीत मागं उरतं ते तेल,
त्याच्या वासानं घशात खाकरा बसायचा.
त्यात व्हिनेगरचं आम्ल, डोळे झोंबवणारं,
वरून गंधकाच्या आम्लाची चिमूट, भटजीएवढी:
लग्न लावायचं, स्वतः बाजूला राहायचं.
पाणी सुटतं ते काढत राहायचं,
नाहीतर जोडपं पुन्हा आपापल्या घरी.
मग सोड्यानं धुणं, फसफस, बसू देणं,
आणि एकशे बेचाळीस अंशांना
थेंब.
पहाटपाळीला पहिला थेंब पडला की
अख्खी शेड केळी पिकत घातलेल्या खोलीसारखी.

पिपं जायची जेलीच्या कारखान्यात,
नेलपॉलिशवाल्याकडे, वॉर्निशवाल्याकडे,
पोरांच्या खोकल्याच्या औषधात.
माझ्या सेल्मालाही तेच पिवळं औषध आवडायचं,
आजोबांची राजेळी पुढं केली तर तोंड फिरवायची.
नंदाखालला सुट्टीवर नेलेली नमुन्याची कुपी
बाबांनी दोनदा हुंगली,
म्हणाले, 'हे केळ्याचं आधार कार्ड रे.
फोटो आहे. केळं नाही.'
आणि सुकेळी उलटायला अंगणात गेले.

इथं कुणी ते खात नाही, फक्त विचारतो.
दाढीचे दोन दिवसांचे खुंटही आत वाट देतात.
मुलतानचा वेल्डर परवा म्हणत राहिला,
नाही, काही नाही, कसला वास,
आणि काचेआड त्याच्या नाकपुड्या फुललेल्या.
नापास म्हणजे परतीचं तिकीट, असं त्याला कुणी सांगितलेलं.
मी वस्तरा दिला. उद्या ये म्हटलं.
आतल्या गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो, त्याला सांगितलं,
पण तो पहिल्या श्वासांपुरता.
मग तो आधी नाकच मारतो.

लमजुंगचा देवबहादुर गुरुंग
पिशवीत शिरला आणि अर्ध्या मिनिटात
दगड झाला. हात अंगाला चिकटलेले, डोळे मिटलेले,
मी मान हलवायला सांगतोय, हा हलत नाही.
वास येतो का?
मास्कच्या आतून एकच शब्द:
'मौरी.'

बाहेर येऊन पाणी प्याला, मग बोलला.
बाप दोरावर लोंबकळून कड्यावरचा मध काढायचा.
एक माशी डसली की तिथून हाच वास सुटतो,
बाकीच्यांना कळतं, कुठं डसायचं ते.
तेव्हा हलायचं नाही.
बाप हलला होता.

मी शीटवर 'गळती' लिहिलं,
पट्टा एक घर आवळला, पुन्हा उभं केलं.
दुसऱ्या वेळी त्याला काहीच आलं नाही.
जाताना त्यानं पिशवीकडे वळून पाहिलं.

परीक्षेआधी दोन बरण्या हुंगायला देतो सगळ्यांना,
एकीत थेंब, एकीत नुसतं पाणी,
नाक चालतं की नाही ते कळावं म्हणून.
चिठ्ठ्या मीच चिकटवतो, तळाला.
दरवर्षी माझीही परीक्षा होते. रोडेल विचारतो,
मी बरोबर बरणीवर बोट ठेवतो,
आणि पिशवीत खरंच मला वास येत नाही.
एकदम पास.

काल तो जेवायला गेला तेव्हा
डोळे मिटून दोन्ही बरण्या टेबलावर फिरवल्या,
कुठली कुठं ते विसरेपर्यंत,
आणि झाकणं काढली.
दोन्हीत पाणी.