रकाना सातवा

मोती तबेल्यात, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला पाठ लावून
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतो.
आधी गोदरेजचं यंत्र होतं, आता भाच्याचा जुना लॅपटॉप.
टेबल तेच, एक पाय विटेवर.

लाजवंतीबाई येते जयरामपूर कॉलनीतून,
हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी, आत सगळा संसार:
घोटकीच्या शाळेचा दाखला, उजवीकडून डावीकडे लिहिलेला,
अटारीचा शिक्का,
मुदत संपलेल्या हिरव्या पासपोर्टची झेरॉक्स
आणि एक चिठ्ठी, की अर्ज विचाराधीन आहे.
चौदा वर्षं विचार चालू आहे.
एवढा विचार माझ्या लग्नाचाही कुणी केला नव्हता,
मी म्हटलं.
ती हसली. पिशवीतून पापड काढून दिले.

सातवा रकाना राष्ट्रीयत्वाचा.
पहिल्यांदा आली तेव्हा मी सरळ तिकडचं लिहिलं.
मग इकडचं मिळावं म्हणून तिनं तिकडचं सोडलं,
सोडल्याचा कागद आणला, तीन प्रतींत.
माहेर तुटलं
आणि सासर अजून नांदवत नाही.
काय लिहू, मी विचारतो.
ती म्हणते, मागच्या खेपेला काय लिहिलं होतं?

नात एम. वाय. हॉस्पिटलात जन्मली.
मला भिया म्हणते, माझ्या पोह्यांतली शेव उचलते,
पंधरा ऑगस्टला शाळेत पुढच्या रांगेत, आवाज मोठा म्हणून.
तिच्या रकान्यात मी आडवी रेघ मारतो.
संगणक रेघ घेत नाही,
लाल अक्षरांत सांगतो: हे भरणे अनिवार्य.

आमचे मूळ पुरुष होळकरांच्या फौजेमागून आले,
तोफखान्याच्या बैलांना चारा घालायला, असं आजोबा सांगायचे.
काका त्यांना सरदार करतात.
कोणीही असोत, नर्मदा उतरताना
त्यांचा सातवा रकाना कुणी तपासला नाही.
पुण्याला गेलो की मला विचारतात,
तुमचं मराठी असं कसं हो?
एवढ्यावर भागतं माझं.

मार्गशीर्षात तिचा नवरा गेला. खियलदास.
अस्थी उज्जैनला न्यायच्या, पंचावन्न किलोमीटर.
तिचा परवाना इंदूर शहरापुरता.
मी अर्ज टाइप केला,
विषय: क्षिप्रेवर जाण्याची परवानगी मिळणेबाबत.
बारावा होऊन गेला. उत्तर नाही.
शेवटी खियलदास माझ्या मांडीवर बसून गेला,
खिडकीच्या बाजूला, लाल फडक्यात,
चौदा वर्षांत पहिल्यांदा शहराबाहेर.
सांवेरला कंडक्टर म्हणाला, डबा खाली ठेवा.
मी ठेवला नाही.

रामघाटावर पंड्यानं वही उघडली, लांबट, बासनातली.
नाव? खियलदास.
बापाचं? होतचंद.
गाव?
माझी बोटं हवेतच थांबली, सवयीनं.
म्हटलं, घोटकी.
मग म्हटलं, इंदूर.
त्यानं दोन्ही लिहिलं. पुरावा मागितला नाही.
दक्षिणा मात्र एकशे एक्कावन्न, आधी घेतली.

परतल्यावर ती ओळ मी तिला टाइप करून दिली.
खियलदास वल्द होतचंद, घोटकी, हल्ली मुक्काम इंदूर.
नातीकडून तिनं वाचून घेतली, दोनदा.
कागद उलटून पाहिला.
गोल शिक्का नाही?
नाही, म्हटलं.
तरी पिशवीत सगळ्यात वर ठेवला.

मग खुर्ची पुढे ओढली, मुदत संपत आली होती.
मी नवा अर्ज उघडला.
नाव, वडिलांचं नाव, पतीचं नाव,
तिथं पहिल्यांदाच कैलासवासी.
सहावा पत्ता.
सातव्याशी येऊन
चहावाला समोरचे ग्लास विसळत होता,
ते आम्ही दोघं बघत बसलो.