दाराचा सूर

माझ्या गाडीचं दार लावलं की
काळी तीनचा सूर निघतो, किंचित उतरलेला,
आणि पाठोपाठ काच थरथरते
पत्र्याच्या डब्यात एकच स्क्रू उरावा तशी.
मला हे कळतं. पोटापाण्याचाच प्रश्न आहे :
आमिआंपासून थेट समुद्रापर्यंत
लोकांच्या घरचे पियानो मी सुरात लावतो.

महागड्या गाड्यांची दारं वाजत नाहीत,
मिटतात.
त्या आवाजावर म्हणे माणसं पगार घेऊन बसलेली असतात.

डॉक्टर लांगलेंच्या बंगल्यावर गेलो की
मी गाडी कुंपणाच्या मागल्या अंगाला लावतो.
सावली असते, म्हणतो.
जानेवारीतसुद्धा.

सोलांज म्हणते, चार चाकं, एक स्टिअरिंग,
डोक्यावर हप्ता नाही, आणखी काय हवं?
मागची सीट पाडली की पियानोची अख्खी पट्टी
आडवी मावते, पाय न मुडपता.
मीही हेच सांगतो, कुणी विचारलं तर.
कुणी विचारलं नाही तरी सांगतो.
अलीकडे जरा जास्तच.

मार्चमध्ये नेलूच्या गॅरेजला गेलो.
आम्ही म्हणतो दासिया, तो म्हणतो दाचिया,
आणि म्हणताना हात फडक्याला पुसतो.
त्याच्या आजोबांनी पाच वर्षं नंबर लावून घेतलेली,
पहिली रात्र अंगणात, लग्नातली चादर पांघरून.
म्हटलं, दाराला जाड रबर बसव. चारही.
पाणी येतं?
नाही.
वारा?
नाही.
त्यानं एकदा दार उघडलं, लावलं, ऐकलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
चाळीस युरो होतील.

काम चोख. दार आता मिटतं.
मी सुपरमार्केटच्या आवारात
उगाच तीनदा उतरलो, तीनदा बसलो.
एका पोरानं वळून पाहिलं,
गाडीकडे नाही, माझ्याकडे.

मग गुरुवारी मादाम द्युफोसे.
वय नव्वदीचं, नजर फक्त कडेकडेनं उरलेली.
वीस वर्षं कधी मला बेल वाजवावी लागली नाही,
पायरीशी पोचेपर्यंत दार उघडं,
आत कॉफीचा वास.
त्या दिवशी बेल दाबली. पुन्हा दाबली.
आतून आवाज आला, कोण?
मी नाव सांगितलं.
साखळी तशीच ठेवून त्या म्हणाल्या, पुन्हा बोला बरं.

मग आत घेतलं. कॉफी चुलीवर नव्हती.
"तुमचं दार ऐकू आलं नाही.
ऐकू आलं की मी पाणी ठेवते.
गाडी बदललीत?"

पियानोचं झाकण उघडायला
एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"हो," मी म्हणालो.
"चांगली घेतलीत?"
"चांगली."
"रंग?"
"निळा."
हे तेवढं खरं होतं. पूर्वीपासूनच.

त्यांना फार आनंद झाला.
गुडघ्यावर हात थोपटत म्हणाल्या,
बघा, कष्टाचं चीज झालं,
माझ्या नवऱ्याला नेहमी वाटायचं तुमचं बरं व्हावं.
आणि निघताना पाकिटात दहा युरो जास्त,
पेढ्यांचे म्हणावेत तसे, नव्या गाडीचे.
मी घेतले.

परत येताना काचा बंद होत्या,
गाडीत इतकी शांतता की
खिशातलं पाकीट वाजत होतं.
खालच्या सप्तकातली एक तार
नीट लावायची राहून गेलीय,
हे ऐन रस्त्यात आठवलं.

पुढचा गुरुवार सहा महिन्यांनी.
ड्रायव्हरच्या बाजूचं तेवढं रबर काढून टाकावं,
एका स्क्रूड्रायव्हरचं काम आहे.
काढलेलं नाही अजून.

लांगलेंकडे मात्र काल
गाडी फाटकासमोर लावली.
दार मिटलं.
वरच्या खिडकीत कुणीच नव्हतं.