तिसरी प्रत

पानाला चाळीस पैसे, कार्बनच्या प्रतीला दहा वेगळे.
कुमठेकर रस्त्यावर जिन्याच्या तोंडाशी आमची पाटी होती:
'खांबेटे टंकलेखन. चुकलेले पान फुकट बदलून मिळेल.'
अडुसष्ट सालच्या मार्चात
एलायस चिकोम्बे तो जिना चढून आला,
तीनशे चौदा पानांचा प्रबंध छातीशी धरून.
विषय : सहकारी संस्था आणि त्यांचे अध्यक्ष.

सदाशिव पेठेत सात घरांनी त्याला सांगितलं होतं, जागा कालच गेली.
आठव्या दारात तोच आधी म्हणाला, "कालच गेली असेल ना?"
मालक ओशाळले, चहा पाजला.
जागा गेलेलीच राहिली.
हे तो हसत हसत सांगायचा
आणि मी मान खाली घालून रोलर पुसायचे.
शेवटी नाना पेठेत रिबेलोबाईंच्या माडीवर टेकला.
ज्वारीच्या भाकरीला म्हणायचा,
आमच्या मक्याच्या गोळ्याची ही मावसबहीण.

पान एकशे बारा त्याने तीनदा बदलायला लावलं.
चूक माझी नव्हती, त्याचंच समाधान होत नव्हतं.
'अध्यक्षाने तिसऱ्यांदा उभे राहू नये.
पहिल्या खेपेस तो संस्था शिकतो,
दुसऱ्या खेपेस चालवतो,
तिसऱ्या खेपेस तिला आपली म्हणू लागतो.'
"खाली रेघ मारा, मिस खांबेटे."
रेघ मारायची म्हणजे कॅरेज मागे ओढून
एकच कळ पुन्हा पुन्हा.
मारली.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
उपमंत्री झाला. मग जुन्या अध्यक्षाने तुरुंगात घातलं.
तिथून एक कार्ड आलं, अर्धं काळं केलेलं;
उरलेल्या अर्ध्यात एवढंच :
'इथे टाइपरायटर नाही. एकशे बारा पाठ आहे.'
ते मी पाटीमागच्या खिळ्याला अडकवलं.
आईला कोण तो विचारायचा धीर झाला नाही,
मलाही सांगायचा.

एकोणऐंशीला तो निवडून आला. खरा निवडून आला.
शाळा काढल्या, स्वतःचा पगार निम्मा केला,
बसच्या रांगेत उभा असलेला फोटो पाठवला.
तो मी येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला,
अगदी दीड पानाचा अर्ज घेऊन आलेल्यालासुद्धा.

एक्क्याण्णवला पुण्यात आला, मानाची पदवी घ्यायला.
गणेशखिंड रस्ता दोन तास बंद.
माझी रिक्षा सिग्नलला अडकली; निमंत्रण पर्समध्ये,
आणि आतल्या पानावर त्याची तिसरी खेप छापलेली.
समारंभानंतर त्याने मला गर्दीतून ओळखलं,
दोन्ही हातांत माझा हात घेतला.
मी म्हटलं, "एकशे बारा?"
तो मोठ्याने हसला. भोवतीचे सगळेच हसले.
"ती टायपिंगची चूक होती, मिस खांबेटे."

बत्तीस वर्षं पाटी लावली मी.
फुकट बदललेली पानं मोजून एकोणीस.

सत्त्याण्णवला राजधानीच्या चौकात मुलांवर गोळ्या झाडल्या.
त्याच महिन्यात तो हेलिकॉप्टरने पळाला.
परक्या देशातल्या दवाखान्यात वारला तेव्हा
आमच्या पेपरात सातव्या पानावर चार ओळी :
'पुण्याचा माजी विद्यार्थी.'
मी रडले का, हे अजून ठरवता आलेलं नाही.

परवा रुडो आली. कोंढव्यात राहते, औषधशास्त्र शिकते.
तिचा मामा त्या चौकात होता.
पहिली प्रत त्याने सोबत नेली होती, दुसरी संस्थेच्या ग्रंथालयातून गहाळ.
तिसरी माझ्या ट्रंकेत,
सगळ्यांत फिकट, कारण कार्बन तिथवर दमतो.
तिने मोबाइल धरला. पानावर नुसतं धुकं आलं.

मग मी मशीन खाली काढलं.
रिबिन वाळून कधीच कोळ झाली होती,
तरी कागद चढवला. बोटांना जागा आठवत होत्या.
शाई नाही, नुसते खळगे उमटत गेले,
शेवटी कॅरेज मागे ओढून रेघसुद्धा.

रुडोने कागद खिडकीशी नेला,
तिरका धरला,
आणि ओठ हलवत वाचू लागली.