बाकी

अंबडच्या तिसऱ्या मजल्यावर रात्रीचे पावणेबारा.
खालच्या फोर्जिंगमध्ये घण पडतो
तेव्हा माझ्या चहावर वर्तुळं उमटतात.
पाण्याच्या पातळ्या आमच्याकडे बाइटांनी येतात,
दारणा, कश्यपी, पालखेड,
मोबाइलच्या टॉवरला सुचेल तशा, सुचेल तेवढ्या.

सकाळी पाटबंधारे ऑफिसातून फोन होता:
मॅडम, पडद्यावर गावाचं नाव फुटतंय.
बघितलं. नांदूरमध्यमे,
आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

आपल्या लिपीत सगळ्यांना तीनच बाइट.
न ला तीन, काना तीन, अनुस्वार तीन,
पाय मोडायच्या खुणेलासुद्धा तीन.
नांदूरमध्यमेश्वर म्हणजे अठ्ठेचाळीस.
अडतीस आले आणि लाइन गेली.
दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट...
तिसरा आला असता तर श झाला असता.
हर्षल खैरनारचा जुना कोड थांबला नाही.
हाती आलं तेवढ्याचं काहीतरी बोलून मोकळा झाला.
चूक त्याची एकट्याची नाही, आम्ही सगळे तसेच.

शेवंताआत्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कागद मोजायची.
पाचशेचा गठ्ठा भरायच्या आत भोंगा झाला
तर अपुरा गठ्ठा रजिस्टरात चढत नसे,
परतही जात नसे.
वर चिठ्ठी: आले चारशे बारा, बाकी अठ्ठ्याऐंशी.
पुढच्या पाळीची बाई तिथून पुढे मोजायची,
पहिल्यापासून नाही.
आणि जुनी चिठ्ठी खोडायची नाही हं, आत्या सांगायची,
नवी लिहायची, जुनी तिच्यामागे टाचायची.
कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे
आपण कुठे थांबलो होतो.

आज मी तिची चिठ्ठी लिहिली, फंक्शनांत.
डिकोडरला आता तीन उत्तरं येतात.
झालं. चुकलं.
आणि तिसरं, ज्यासाठी दिवस गेला: अजून हवं.
या तिसऱ्याच्या पोटात एक फंक्शन आहे,
झालेलं सगळं आठवणारं,
पुढचा तुकडा दे, मी इथून वाचते, म्हणणारं.
ते कशाला हात लावत नाही, काही पुसत नाही.
तुकडा दिला नाही तर नुसतं असतं.

बारा वाजून चार. आले चार बाइट.
श पुरा झाला आणि लगेच त्याचा पाय मोडला.
श्
कुणाच्या तरी खांद्यावर टेकायला थांबलेला.
बाकी सहा.
पडद्यावर काहीच नाही. प्रश्नचिन्हही नाही.
इतकी छान रिकामी ओळ मी कधी लिहिली नव्हती.

बारा अकरा. आले नऊ.
सहांचा व आणि र. नाव लागलं.
वरचे तीन पुढच्या आकड्याचे, पातळीचे.
तेही टाकायचे नाहीत, आकडा चार बाइटांचा असतो.
बाकी एक.

परवा आत्या फोनवर म्हणाली, मला जरा
आणि थांबली.
मी म्हटलं, गोळ्या संपल्या ना, पाठवते उद्या.
ती म्हणाली, हो, तेच.

तिला रात्रपाळीची सवय, बाराला जागीच असते.
लावला फोन.
आत्या, परवा तू मला जरा म्हणालीस, ते काय गं?
काही नाही, म्हणाली.
मग, अगं
मग काहीच नाही.

खाली घण पडला. एकदा, परत एकदा.
चहा केव्हाचा गार.
मी फोन कानाला धरून
काहीही म्हटलं नाही.