थांबा

उत्पलाच्या पदवीदानाला गेलो,
तं ल्विवमध्ये चार दिवस नुसताच चाललो.
दगडी रस्ते. गुडघे कुरकुरले.
ट्राममधे एका म्हातारीनं तिकीट पुढं केलं,
मी यंत्रात टोचून परत दिलं.
म्हणाली, "द्याकुयू."
मला ऐकू आलं फक्त "द्या".
खिशातली संत्रागोळी दिली.
हसली. गालात धरली.

आज इतवारीत, शेहेचाळीस डिग्रीत,
पोट्टी पुढं चालतेय, डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळून.
सावलीत थांबून फोन दाखवते :
तिथल्या चौकातले पुतळेही
असेच गुंडाळलेत.
उन्हासाठी नव्हे.

माझं तिकीट पाकिटात आहे अजून.
वर धरलं, तर भोकांतून
इतवारीचंच ऊन येतं.
म्हातारी कुठं उतरणार होती,
विचारलंच नाही.