ब्रेक ऑइल

ताकुआरेम्बोच्या बाहेर, डांबर संपून
जिथे लाल मातीचा रस्ता लागतो,
तिथे आमचं घर, पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये
माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा पिकअप.

इंजिन ऑइल बाबा एकटेच बदलतात.
गाडी थोडी तापवून घेतात, पाठीवर सरकत खाली जातात,
बोल्ट आधी पान्याने सैल, मग बोटांनी,
शेवटच्या आट्याला हात झटकन मागे.
तरी दर वेळी ओघळ कोपरापर्यंत जातोच.
बाबा शिवी घालतात. खालून त्यांचं हसू ऐकू येतं.
कूलंटच्या दिवशी कुत्र्याला बांधून ठेवायचं:
ते हिरवं पाणी गोड लागतं म्हणे,
आणि मारतं.

पण ब्रेकला दोन माणसं लागतात.
एक चाकाशी, एक पेडलवर.
म्हणून दोन वर्षांतून एकदा, एप्रिलमध्ये,
पानं गळायला लागली की
उबाल्दोकाका येतात.

नऊ वर्षं झाली, भाऊ भावाशी बोलत नाही.
कारण एक घोडा आहे.
तो कोणी विकला, कोणाला न विचारता,
हे मला दोन घरांत दोन तऱ्हांनी सांगून झालंय.

काका चालत येतात. काखेत स्वतःचा थर्मास,
हातात स्वतःचं मातेचं भांडं.
इथे अनोळखी माणसंसुद्धा
एकाच भांड्यातून, एकाच नळीने पितात.
काका सीटवर बसतात, दार उघडंच ठेवतात,
एक पाय बाहेर, जणू उठायचंच आहे.

मागचं उजवं चाक आधी, कारण ते सगळ्यात लांब.
बाबा चाकाशी उकिडवे, नळीचं टोक बाटलीत.
माझं काम बॉनेटपाशी:
वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही,
आणि थेंब रंगावर सांडायचा नाही, रंग सोलून निघतो.

“दाब.”
“दाबलं.”
“धर.”
नळीतून कोऱ्या चहासारखं काळपट येतं,
मग बुडबुडा, एक मोठा,
त्याच्यामागे त्याची बारकी पोरं.
“सोड.”
“सोडलं.”

मग पुन्हा. मग पुन्हा.
एकदा काका नुसतंच म्हणाले, “धरलंय,”
कोणी विचारलं नसताना.
बाबांचा पाना क्षणभर थांबला, मग फिरला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, बाबा सांगतात,
झाकण कितीही घट्ट लावा.
सपाटीवर काही कळत नाही.
उतारावर कळतं.

मी आता सोळाची.
या वर्षी म्हटलं, मी दाबते की पेडल,
काकांना कशाला बोलवायचं?
बाबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.
“तुझा पाय हलका आहे.”
याच पायाने मी ट्रॅक्टरचा क्लच दाबते,
जो दाबताना काकांचा गुडघा कुरकुरतो.

फळीवर, रंगाच्या डब्यांमागे एक खोकं आहे.
आईने मोन्तेविदेओहून आणलेला हातपंप,
एकट्या माणसाला ब्रेकमधली हवा काढता यावी म्हणून.
तीन वर्षांत त्याची चिकटपट्टीही निघाली नाही.
काल झाडताना मीच तो
आणखी एक वीत मागे सारला.

शेवटचं चाक, पुढचं डावं.
नळीतून आता नवं ऑइल, पातळ मधासारखं, अख्खं,
त्यात एकही बुडबुडा नाही.
मला दिसत होतं. बाबांना तर नाकासमोर.
काका म्हणाले, “पेडल कडक लागतंय.”
म्हणजे झालं. म्हणजे उठायचं,
थर्मास उचलायचा, लाल रस्त्याला लागायचं
आणि पुढच्या वेळेपर्यंत दोन वर्षं.

बाबांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली.
बराच वेळ पाहिली.
“थोडी हवा आहे अजून,” ते म्हणाले.
“दाब.”

काकांनी बाहेरचा पाय आत घेतला.
“दाबलं.”

मी डबीत आणखी ऑइल ओतलं.