सहा दारं

आधी वायर काढा, अफसाना म्हणाली,
दारात चप्पल काढता काढताच.
मी नेटची वायर उपटली.
तरी पडद्यावरचा लाल चौकोन
"आपला संगणक धोक्यात आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा"
फडफडत राहिला,
टोपलीत पडलेल्या बांगड्यासारखा.
फोन केलात?
केला होता. तिला नाही म्हणालो.
मग हो म्हणालो.
बँकेत आत्ताच्या आत्ता कळवा, ती म्हणाली,
आणि मी कळवेपर्यंत माउसला हात लावला नाही.

पूर्णगडात कॉम्प्युटर ते किती.
माझा मधल्या खोलीत, जुन्या टॉवेलाखाली,
खारा वारा बिजागऱ्या खातो, त्याला काय सोडणार.
आत नऊ होड्यांचं डिझेल,
बर्फाची उधारी,
सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं,
आणि एका फोल्डरात सुमित्रा,
चष्मा शोधताना, चष्मा कपाळावर.

हसन मिरकरांची ही धाकटी,
साडेसहाच्या एसटीने रत्नागिरीला आयटीआयला जाते.
तिने सेफ मोड उघडला.
अक्षरं थोराड झाली, रंग उडाले,
पावसाळ्यापूर्वी वाळूवर ओढून
उलटी घातलेली होडी दिसते, तसं सगळं उघडंबोडकं.
स्वतःच्या पेनड्राइव्हवरून तिने स्कॅन लावला.
दोन तास.
दोनदा कोरा चहा.
तिसऱ्यांदा ती नको म्हणाली.

सत्तेचाळीस.
फुकट मिळाला म्हणून घेतलेला एक फाँट.
ब्राउझरला कालवासारखी धरून बसलेली
तीन बटणं, मी कधी न लावलेली.
सगळी क्वारंटाइनमध्ये टाकते, ती म्हणाली.
हा शब्द मला ठाऊक होता.
त्या साली मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना
आपण शाळेत ठेवलं होतं चौदा दिवस,
आणि माझ्या सख्ख्या भावाला मी
खिडकीतून डबा दिला होता, लांबून.

मग ती थांबली.
काका, हे नेटवरून आलं नाही.
तुमच्या पेनड्राइव्हवरून आलंय. बारा मार्च.
बारा मार्चला मी पावसला
झेरॉक्सच्या दुकानात पावत्या छापल्या होत्या.
त्यानंतर ही कुठे कुठे लावलीत?
कुठेच नाही.
कुठेच म्हणजे, तोडणकरांकडे, बारशाचे फोटो द्यायला.
सोसायटीत.
शाळेत, घाग बाईंकडे.
बंदरावर टोकन देतात तिथे.
मेस्त्रींच्या मुलाला एक सिनेमा दिला होता.
आणि तुमच्याच घरी, अफसाना,
तुझ्या अब्बांच्या लायसनचे कागद.
ती काही बोलली नाही.
स्वतःची पेनड्राइव्ह उलटीसुलटी करून पाहत राहिली.

पासवर्ड विचारला तेव्हा मी सांगितला:
जयलक्ष्मी१९८४.
ती खिडकीतून बाहेर बघून हसली.
बाहेर होडी उभी होती,
नाळेवर लाल रंगात, हातभर अक्षरांत,
जयलक्ष्मी. खाली १९८४.

नवे पासवर्ड तिने माझ्या कॉम्प्युटरवर बदलू दिले नाहीत,
स्वच्छ असलेल्या तिच्या फोनवरून बदलले.
मोबाइलवर कोड येईल, तो कुणालाही सांगायचा नाही,
बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर नाहीच.
सुमित्राचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर घेतला.
डिस्क काम झाल्यावर काढून ठेवायची,
लावून ठेवली तर तीही बुडते.
मी ती तांदळाच्या डब्यात ठेवलीय.
पाणी भोकातून शिरत नाही, वडील म्हणायचे,
भोक दिसतं, बुजवता येतं.
फळ्यांच्या सांध्यात काथ्या दरसाल भरायचा,
भरला होता म्हणून चालत नाही.

संध्याकाळी सहाही दारं केली.
काय सांगायचं ते वाटेत घोकत होतो,
पहिल्याच दारात विसरलो.
तोडणकर हसले. आमचा लॅपटॉप बंदच असतो म्हणाले.
सेक्रेटरी हसले नाहीत.
घाग बाईंनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत
प्लग काढला.
मेस्त्रींच्या पोराने विचारलं, म्हणजे सिनेमा पुसायचा?
मिरकरांकडे मी शेवटी गेलो.
हसनभाई ओटीवर जाळं शिवत होते.
कळलं, म्हणाले. पोरगी आत तेच करतेय. बस.

नवा पासवर्ड एका खडपाचं नाव आहे,
ओहोटीलाही न दिसणारं,
कुठल्या नकाशात नसलेलं,
वडिलांनी एकदाच बोट दाखवून सांगितलेलं,
त्याच्या मागेपुढे आणखी काही.
इथे लिहीत नाही.

रात्री अपडेट लावून बसलो.
त्रेसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.